प्रेरणेचा रविवार

ताराचंदच्या घरात टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा चंद्रभागाबाईंना आधी वाटलं, शेजारी भजन बसलं असेल. पण भजन म्हणावं तर झांज नाही, ढोलकी नाही, आणि वेळ सकाळच्या चहाची. गुडघे सांभाळत त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. पाहतात तर काय, मुलगा ताराचंद आणि सून ललिता दोघंही उभ्यानं टाळ्या वाजवत होते आणि मधे पाटावर बसलेला नातू सूरज, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून, पेल्यातलं दूध संपवत होता.

"काय झालं गा? कोणाचं लग्न जमलं?"

"सूरजनं सोताहून दूध पेलं, माय," ताराचंद म्हणाला. त्याच्या आवाजात तहसीलदार झालेल्या मुलाच्या बापाचा अभिमान होता.

"मंग? म्हशीनं देलं तवा तं कोणी टाळ्या नाई वाजवल्या."

ललितानं पदर तोंडाला लावला. ताराचंदला हसू आलं नाही. तो त्या दिवसांत प्रेरणेच्या कामात होता, आणि त्या कामात हसायला वेळ नसतो.

झालं होतं एवढंच, की सूरज नववी कसाबसा पास झाला होता. ओठावर मिशीची सावली आलेला, खाटेबाहेर पाय जाणारा पोरगा. स्वभावानं वाईट नाही. आठवीत कधीतरी गणिताचा हात सुटला आणि मग तो वर्गात मागच्या बाकावर सरकत गेला, एवढंच. अभ्यास कर म्हटलं की "करतो" म्हणायचा, आणि त्या "करतो"वर दिवस निघून जायचा. दुसऱ्या एखाद्या बापानं पोराला जवळ बसवून विचारलं असतं, की बाबू, कुठं अडलं? ताराचंद मात्र नव्या जमान्याचा बाप. त्यानं पोराला काहीच विचारलं नाही. त्यानं फोनला विचारलं.

फोनमध्ये मुलांना वळण लावणारी माणसं इतकी निघाली, की देशात एकही पोरगा बिघडलेला कसा राहिला याचं नवल वाटावं. ताराचंद सकाळी बांधावर त्यांना ऐके, दुपारी जेवताना ऐके, रात्री उशाशी घेऊन ऐके. पोराचा फोनचा नाद कसा सोडवावा, हे शिकण्यासाठी तो दिवसभर फोनला चिकटलेला असे. एकानं सांगितलं, ध्येय नजरेसमोर ठेवा. म्हणून सूरजच्या खाटेवरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं हातभर आकडा उमटला, ९५ टक्के. दुसऱ्यानं सांगितलं, रोज सकाळी आरशात पाहून 'मी विजेता आहे' म्हणायचं. सूरज ते दात घासताना म्हणे, त्यामुळे विजेता आहे की विंचू आहे ते नीट कळत नसे. आणि तिसऱ्यानं सांगितलं, लहानातल्या लहान गोष्टीचं कौतुक करा. त्या टाळ्या तिथून आल्या.

मग पोरानं चप्पल जागेवर ठेवली, टाळ्या. ताट मोरीपर्यंत नेलं, टाळ्या. एकदा तो नुसताच उठून उभा राहिला तर ललितानं सवयीनं सुरू केल्या; तो पाणी प्यायला उठला होता.

सूरजची मोठी बहीण हर्षा बारावीला होती. सकाळची भांडी घासून सायकलनं मोहाडीला कॉलेजात जायची, येताना दळण आणायची. एक दिवस तिनं हातातली कढई खाली ठेवली.

"बाबा, दहावीत मले एवढे मार्क पडले तवा तुम्ही म्हटलं, बरं झालं. अन् यानं चप्पल ठेवली तं टाळ्या?"

"पोरींले मोटिवेशनची गरज नाई राह्यत बेटा. पोरी आपोआप चालतात."

"हाव. भिंतीवरच्या घड्याळासारख्या. त्यात तरी कोणी सेल टाकते."

चंद्रभागाबाईंना ही नात फार आवडायची. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती, पण जीभ मात्र पुढेही शिकत गेली होती.

जुन्या काळी पोरं फार शहाणी होती, असं म्हणणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. ते म्हणायला शेजारचा गोमाजी होता. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन तो म्हणायचा, "आमच्या टायमाले असं नव्हतं, वयनी." आणि गोमाजीची अडचण अशी, की चंद्रभागाबाईंना सगळं आठवत होतं. शाळेच्या वेळात गोमाजी कोणत्या मोहाच्या झाडावर बसायचा, मास्तर खालून हाका मारायचे तेव्हा हा वरून मोहफुलं कसा मारायचा, तेही आठवत होतं. त्यांचा ताराचंद तर, साहेब शाळा तपासायला आले त्या दिवशी, सकाळपासून तणसाच्या ढिगात लपला होता. संध्याकाळी भूक लागली म्हणून आपणच बाहेर आला, डोक्यात काड्या घेऊन. त्याच ताराचंदला आता गावानं शाळा समितीचा अध्यक्ष केलं होतं. चंद्रभागाबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेपासून कुठकुठं लपता येतं हे ज्याला माहीत, त्याच्याहून चांगला अध्यक्ष कुठून आणणार?

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग भुपेंद्र सर आले.

म्हणजे आधी फोनमध्ये आले. नागपूरला त्यांची मुलग्यांसाठी निवासी अकॅडमी होती, आणि गावोगाव फिरून ते 'मुलाच्या आतला सिंह जागा करा' या विषयावर बोलत. आपल्या गावात ते फुकट बोलणार होते. बदल्यात त्यांची एकच इच्छा होती, की गावातले चार होतकरू सिंह अकॅडमीत दाखल व्हावेत. अध्यक्षांनी सुरुवात घरापासून करावी म्हणून ताराचंदनं सूरजचं नाव दिलं. कार्यक्रम आटोपला की सर आपल्याच गाडीतून त्याला घेऊन जाणार होते. चाकं असलेली निळी बॅग आली. ललितानं ती भरली आणि दाराशी उभी केली.

त्या बॅगेकडे पाहिलं की चंद्रभागाबाईंची जीभ आत वळायची.

थोरल्या मुलाचं, हेमराजचं, असंच झालं होतं. तोही याच वयाचा होता. पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव, आणि नवऱ्याच्या, यादोरावांच्या, सायकलवर पेटी बांधून बापलेक मोटर गाठायला मोहाडीकडे निघालेले. पोरगा वसतिगृहात राहिला, शिकला, पुण्याला मोठ्या पगारावर लागला. सगळं चांगलं झालं. फक्त तो परत आला नाही. दिवाळीत जो येतो तो पाहुणा असतो. पाणी पाहिजे तर पेले कुठं ठेवले आहेत, हे तो आईला विचारतो. ज्या घरात तो रांगला, त्या घरात.

"नको पाठवू त्याले," त्या ताराचंदला म्हणाल्या होत्या.

"दादा मोठा झालाच न, माय?"

"झाला न. एवढा मोठा झाला का या दारातून आता आतच येत नाई."

ताराचंद फोनमध्ये पाहायला लागला.

मग त्यांनी सूरजलाच विचारलं. तो म्हशीसमोर तणस टाकत होता.

"तुले जायचं आहे का बाबू?"

"मले काय विचारते आजी," तो म्हणाला. "नाई म्हटलं तं बाबा म्हणतीन, पाह्य, हाच निगेटिव्ह माईंडसेट. हाव म्हटलं तं टाळ्या वाजवतीन."

सरांच्या सोयीनं रविवार ठरला. सरांच्या सोयीत धानाचा विचार नव्हता, आणि ताराचंदच्याही डोक्यात तो शिरला नाही. त्या साली पावसानं ओढ धरली होती. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, वाफ्यात उभी होऊन पिवळी पडायला आली होती. शेवटी शुक्रवारी गावानं तलावाचं पाणी सोडलं. शनिवारी सगळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल झाला, संध्याकाळी पऱ्हे उपटून पेंड्या बांधून झाल्या, आणि रविवारी गावभर एकदमच रोवणा, म्हणजे भातलावणीचा दिवस, आला. उपटलेलं पऱ्हं काही कोणाच्या भाषणासाठी थांबत नाही. एक ऊन खाल्लं की मान टाकतं.

रोवणाऱ्या बायांच्या टोळ्या ठरलेल्या होत्या. पण त्यांना पेंड्या टाकून द्यायला गडीमाणूस लागतो, आणि गावातल्या झाडून साऱ्या गड्यांना त्या दिवशी पालक म्हणून समाजमंदिरात बसायचं होतं. हजेरी सक्तीची होती. ती सक्ती अध्यक्षांनीच केली होती.

रविवारी सकाळी ताराचंद सूरजला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाला, "तू आता बांधीत जा. शकुंतलाबाईची टोळी आली असन. तिले पेंड्या टाकून दे. हॉलमधे एक तू नसला तं काई दिसत नाई. बाकीचे पोट्टे आहेतच. कार्यक्रम झाला का मी गाडी घेऊन येतो."

चंद्रभागाबाई ओट्यावर बसून दात घासत होत्या. त्यांनी ऐकलं आणि घासणं चालू ठेवलं.

थोड्या वेळानं गोमाजीचा नातू अमर मागच्या गल्लीनं निघाला, पँट गुडघ्यावर गुंडाळून. मागून गोमाजीचा आवाज आला, "एका तू नसल्यानं काई होत नाई, जा!" मग वरच्या आळीचे दोन पोट्टे मोटरसायकलवर गेले, मधे पेंड्यांचा भारा. मग आणखी एक, मारुतीच्या देवळामागून, कोणी पाहू नये म्हणून वाकून. प्रत्येक बापानं आपला एकच पोरगा पळवला होता, आणि प्रत्येकाला खात्री होती की दुसऱ्यांचे पोट्टे हॉल भरतील. चंद्रभागाबाईंनी चूळ भरली. त्यांच्या मनात आलं, की ताराचंदला हाक मारून सांगावं. मग वाटलं, कशाला? नकारात्मक बोललेलं त्याला चालत नाही.

त्यांनी लुगडं बदललं आणि त्या कधी नव्हे त्या हौसेनं कार्यक्रमाला निघाल्या.

समाजमंदिरात नजारा पाहण्यासारखा होता. मागे खुर्च्यांवर गावातले झाडून सारे बाप, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. बाजूला स्वागतगीत म्हणायला आणलेल्या मुली, त्यांत हर्षा. आणि पुढे, होतकरू मुलांसाठी अंथरलेली लांबलचक हिरवी सतरंजी. तिच्यावर फक्त एक कोंबडी होती. तीही गीत सुरू झाल्यावर निघून गेली.

भुपेंद्र सर कोट घालून आले. त्यांनी सतरंजीकडे पाहिलं, बापांकडे पाहिलं, पुन्हा सतरंजीकडे पाहिलं.

"मुलं कुठे आहेत?"

बापांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाचा चेहरा असा झाला, जसा दुसऱ्याच्या खिशात हात घालावा आणि तिथं आधीच तिसऱ्याचा हात सापडावा.

"येऊन राहिले, सर," ताराचंद म्हणाला. "रस्त्यात आहेत."

सर कसलेले होते. ते बोलायला लागले. आजचा मुलगा आळशी आहे. आजच्या मुलाला जबाबदारी नको. त्याला पहाटे उठवा, त्याला मातीशी नातं जोडायला शिकवा. बाप माना डोलवत होते. पंखे फिरत होते. खिडकीतून दूरवरून, आळशी मुलांनी भरलेल्या बांध्यांकडून, रोवणाऱ्या बायांच्या गाण्याचा सूर येत होता.

"सर," हर्षानं हात वर केला. "मुलींच्या आतमधे काय राह्यते?"

"छान प्रश्न," सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

शेवटी त्यांनी सगळ्यांना उभं करून, डोळे मिटून, 'मी सिंह आहे' असं म्हणायला लावलं. गोमाजी बसल्या बसल्या झोपला होता. तो दचकून उठला आणि सर्वांत मोठ्यानं ओरडला.

कार्यक्रम आटोपला. सरांना संध्याकाळी तुमसरला आणखी सिंह जागे करायचे होते, म्हणून घाई होती. गाडी घरापुढे आली, निळी बॅग डिक्कीत गेली, आणि सर म्हणाले, मुलाला वाटेतच उचलू. चंद्रभागाबाई न विचारताच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. ताराचंदनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

बांधीच्या कडेला गाडी थांबली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरून चंद्रभागाबाईंनी हाताची सावली डोळ्यांवर धरली. तरुणपणी त्या आपल्या टोळीत सगळ्यांच्या पुढे गाणं धरायच्या, तेव्हा बांधीत काय पाहायचं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. बाया रोवत रोवत मागे मागे सरकतात. पेंडी त्यांच्या मागे पडली पाहिजे, अशी, की सरकता सरकता हाताला यावी. पुढे पडली तर लावलेलं मोडतं. कमी पडली तर बाई कंबर सरळ करून उभी राहते, आणि एकदा बाई उभी राहिली की सगळी ओळ बोलायला लागते.

सकाळी सगळी ओळ भरपूर बोलली असणार. कारण सूरजच्या बनियनवर चिखलाचे दोन चांगले गोळे नेम धरून मारलेले दिसत होते. पण आता कोणीही उभं राहत नव्हतं. पेंडी जात होती, पडत होती, हात मागे येत होता आणि तिला उचलत होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. गाणं चाललं होतं.

"वा! चॅम्पियन!" भुपेंद्र सर धुऱ्यावरून ओरडले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सूरज दचकला. हातातली पेंडी भलतीकडेच गेली आणि लावलेल्या ओळीवर आडवी पडली. गाणं थांबलं. टोळीची म्होरकी शकुंतलाबाई, रुपयाएवढं कुंकू लावणारी, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण वाजवून राह्यलं गा? पाखरं उडवायचे असतीन तं धान पिकल्यावर येजा!" मग सूरजकडे वळून, "अन् तू का पाहून राह्यला? उचल ते. मोडलं का पाह्य. सकाऊन तं याहून वंगाळ टाकत होता, सांगतलं तं सुधरला न?"

सूरज खाली वाकून मोडलेली रोपं सरळ करायला लागला. ताराचंदनं हाक मारली, "सूरज, चाल बेटा. सरांले टाइम होऊन राह्यला. हातपाय धू."

सूरज उठला. त्यानं गाडीकडे पाहिलं, उरलेल्या पेंड्यांकडे पाहिलं.

"आता नाई येत, बाबा. एवढे पऱ्हे उद्यापर्यंत जगत नाईत. मी गेलो तं पेंड्या कोण टाकन?"

प्रश्न साधा होता. पण टोळीतल्या साऱ्या बाया एकदम ताराचंदच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहायला लागल्या.

"हा हट्ट म्हणजेच कम्फर्ट झोन," सर ताराचंदच्या कानात म्हणाले. "इथेच पालक ढिले पडतात." बोलताना ते एक पाऊल पुढे सरकले आणि त्यांचा उजवा बूट धुऱ्याच्या ओल्या मातीत गेला. पाय वर आला. बूट आला नाही.

सूरजच बूट काढून द्यायला आला. तेवढ्या वेळात चंद्रभागाबाई मुलाजवळ गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"हेमराज गेला तवाही रोवणाच होता गा. तू लहान होता. त्याले मोटरवर बसवून तुह्या बापानं येऊन पेंड्या टाकल्या. अन् मंग दर साली त्यानंच टाकल्या. आठवते?"

ताराचंदला आठवत असणार. बापामागे पेंड्या वाहणारा तोच होता. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग वाकून पांढऱ्या पँटला दुमडी घालायला लागला, एक एक, अगदी गुडघ्यापर्यंत.

"गुड," सर म्हणाले. "तुम्ही टाका, मुलाला पाठवा."

"नाई सर. तुम्ही निघा. पेंड्या लय आहेत, एकट्याचं काम नोहे." आणि अध्यक्ष चिखलात उतरले.

गाडी धूळ उडवायच्या विचारात होती, पण चिखल होता. ती घसरत, गुरगुरत निघून गेली. सगळ्यांच्या लक्षात मग आलं, की निळी बॅग डिक्कीतच आहे. सूरजच्या जागी त्याची बॅग अकॅडमीत दाखल झाली. आठवडाभर निवासी राहून, एका ट्रॅव्हल्सच्या टपावरून, ती परत आली. तिच्यात काही फरक पडलेला दिसला नाही.

ताराचंदची पहिलीच पेंडी शकुंतलाबाईच्या पाठीवर बसली. पुढे काय झालं ते बायांनी गाण्यात घातलं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोड्या वेळानं आजूबाजूच्या बांध्यांतही एकेक पांढरा कपडा उतरताना दिसला. गोमाजीही अमरच्या मागे आला. "आमच्या टायमाले," असं तो म्हणायला लागला, आणि धुऱ्यावर चंद्रभागाबाई बसलेल्या पाहून त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

दिवेलागणीला घरात बापलेक पाठ धरून बसले होते. सूरजनं जेवण केलं, हात पुसले, आणि गणिताचं पुस्तक घेऊन हर्षाच्या पुढे जाऊन बसला.

"मले सांग न."

"कुठून समजत नाई?"

"आठवीपासून." हे तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता. त्याचे कान लाल झाले. "पण शकुंतलाबाईसारखं सांग. चुकलं तं चुकलं म्हण."

"ते मले मस्त जमते," हर्षा म्हणाली. "पण सकाळचे भांडे तुहे."

सूरजनं मोरीकडे पाहिलं, विचार केला, आणि मान हलवली.

हर्षानं पेन्सिल घेतली. "हे चूक. हेही चूक. हे कोणं शिकवलं बे तुले? हे तं पाहून हसूच येते." सूरज पुस्तकावर आणखी वाकला. उठला नाही. भिंतीवरचा आकडा त्याच्या पाठीमागे होता; तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं हर्षा म्हणाली, "हे बरोबर आहे," आणि पान उलटलं.

फट्!

टाळी एकच होती, पण जोरदार. सगळ्यांनी वळून पाहिलं. खाटेवर ताराचंद दोन्ही तळवे जोडून बसला होता.

"मच्छर होता," तो म्हणाला.

चंद्रभागाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"मेला का गा?"

"मेला, माय."

"मंग हात खाली ठेव."